सही केलेलं पुस्तक आणि कच्चं प्रूफ: किंमत नेमकी कशाची?

हॅरी पॉटर मालिकेतलं पहिलं पुस्तक अजून बाजारात यायचं होतं, तेव्हाची गोष्ट. लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने समीक्षकांना आणि पुस्तकविक्रेत्यांना आधी वाचायला देण्यासाठी त्याच्या दोनशे कच्च्या प्रती काढल्या. पिवळं-पांढरं कागदी मुखपृष्ठ, त्यावर चित्र वगैरे काही नाही. आतल्या शीर्षकपानावर लेखिकेचं नावसुद्धा चुकलेलं: 'जे. के. रोलिंग'ऐवजी 'जे. ए. रोलिंग'. लेखिका तोवर कुणाच्या ओळखीची नव्हती, त्यामुळे ती चूक फार कुणाला खटकली असेल असं वाटत नाही. अशा प्रती वाचून झाल्या की हातोहात जातात, कपाटाच्या मागे पडतात, रद्दीत निघतात. त्या दोनशेतली एखादी प्रत आज समोर आली तर संग्राहक हजारो पौंड मोजतात, आणि तेही त्या चुकलेल्या पानासकट.

पक्कं पुस्तक २६ जून १९९७ ला बाहेर पडलं. पुठ्ठा बांधणीच्या पहिल्या छपाईच्या प्रती फक्त ५००. त्यातल्या ३०० च्या आसपास ग्रंथालयांत गेल्या, म्हणजे त्यांच्यावर शिक्के बसले, चिकटपट्ट्या लागल्या आणि मुलांनी त्या मनसोक्त हाताळल्या. कोरी राहिलेली प्रत त्यामुळेच दुर्मीळ. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज या लिलावसंस्थेत अशी एक प्रत ४ लाख ७१ हजार डॉलरला गेली. किंमत तिथवर चढली ती मुख्यतः प्रतीच्या नव्यासारख्या स्थितीमुळे.

आपल्याकडे पुस्तकसंग्रहाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "लेखकाची सही आहे का?" सही असली की प्रत मौल्यवान, नसली की साधी, असा सरळ हिशेब. बाजार तसा चालत नाही. संग्राहक पैसे मोजतो ते एका विशिष्ट प्रतीबद्दल काय सिद्ध करता येतं त्यासाठी. ती लेखकाच्या किती जवळून आली, पुस्तक घडत होतं त्या काळाच्या किती जवळची आहे, आणि हे दाखवायला पुरावा काय. सही हा त्यातला एक पुरावा. कधी भक्कम, कधी अगदीच लेचापेचा.

प्रूफ म्हणजे काय

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईच्या काळात कंपोझिटर एकेक खिळा जुळवून मजकूर लांबट तबकात रचत असे. हे तबक म्हणजे गॅली. पानं पाडण्याआधी त्या रचलेल्या मजकुरावर शाई फिरवून लांब पट्टीसारख्या कागदावर ठसा घ्यायचा, ते गॅली प्रूफ. मुद्रितशोधक चुका काढणार, लेखक पुन्हा हात फिरवणार, मग पानं पाडून पेज प्रूफ आणि शेवटी फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, यंत्रावर चढल्यावर मशीन प्रूफ. मराठीत या सगळ्याला 'मुद्रितं' म्हणत आणि ती तपासणं हे एक स्वतंत्र शास्त्र होतं.

इंग्लंड-अमेरिकेत याच कच्च्या मजकुराच्या काही प्रती साध्या कागदी वेष्टनात बांधून आधी वाटण्याची पद्धत रूढ झाली. कारण व्यवहाराचं आहे. पुस्तक ज्या आठवड्यात दुकानात येतं त्याच आठवड्यात परीक्षण छापून यायचं असेल, तर समीक्षकाला ते काही महिने आधी हातात हवं. दुकानदारालाही किती प्रती मागवायच्या ते आधीच ठरवायचं असतं. म्हणून अशा प्रतीवर छापलेलं असतं की हे असंपादित प्रूफ आहे, विक्रीसाठी नाही, आणि यातलं वाक्य उद्धृत करायचं तर अंतिम पुस्तकाशी ताडून मगच करा. पुढे या साध्या प्रूफाचा एक देखणा भाऊ आला: रंगीत मुखपृष्ठाची, जवळपास पक्क्या पुस्तकासारखी दिसणारी आगाऊ वाचनप्रत. तिचं काम मजकूर तपासण्यापेक्षा जाहिरातीचं जास्त.

संग्राहकाला प्रूफाचं आकर्षण असतं ते दोन कारणांनी. एक, ते पहिल्या आवृत्तीच्याही आधीचं. दुसरं कारण मला स्वतःला जास्त महत्त्वाचं वाटतं: त्यात लेखकाने नंतर काढलेला, बदललेला मजकूर सापडू शकतो. एखादं पात्र प्रूफात वेगळ्या नावाने वावरत असतं, शेवटच्या प्रकरणाला दोन परिच्छेद जास्त असतात. पक्कं पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडली की लेखकाचा हात कुठे थांबला, कुठे मागे फिरला ते दिसतं. असा फरक दाखवता आला तर प्रूफाची किंमत एकदम वेगळ्या पायरीवर जाते. फरक काहीच नसेल तर ते फक्त आधी छापलेलं, स्वस्त कागदाचं पुस्तक उरतं.

म्हणूनच 'प्रूफ आहे, म्हणजे पहिल्या आवृत्तीपेक्षा महाग' हे बहुतेक वेळा खोटं ठरतं. बऱ्याच संग्राहकांना मूळ जॅकेटसह, म्हणजे वरच्या कागदी वेष्टनासह, पुठ्ठा बांधणीची पहिली आवृत्तीच हवी असते. प्रूफ दिसायला रुक्ष, त्याचा कणा लवकर मोडतो, पानं पिवळी पडतात. त्यात आजकाल मोठे प्रकाशक गाजणार असं वाटणाऱ्या कादंबरीच्या आगाऊ प्रती हजारोंनी छापतात, तेव्हा दुर्मीळपणाचा प्रश्नच उरत नाही. अशा प्रतींना भाव असतो तो पुस्तक येण्याआधीच्या काही आठवड्यांत, अधीर वाचकांमुळे. २०२१ मध्ये सॅली रूनी यांच्या नव्या कादंबरीची आगाऊ प्रत ई-बेवर दोनशे डॉलरच्या वर गेल्याची बातमी झाली होती. पुस्तक दुकानात आल्यावर तो उत्साह ओसरतो आणि ज्याने महाग घेतलं तो ते कपाटात ठेवून बसतो. 'विक्रीसाठी नाही' असं छापलेली प्रत प्रकाशनाआधीच विकायला काढणं लेखक-प्रकाशकांना रुचत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याला प्रत विश्वासाने वाचायला दिली त्यानेच तिचा धंदा केला तर पुढच्या वेळी त्याच्याकडे छापील प्रतीऐवजी डिजिटल फाईल येते. आता बऱ्याच समीक्षकांकडे तशीही फाईलच येते, आणि डिजिटल प्रूफ कुणी जमवत नाही.

मराठीत प्रूफ बांधून वाटण्याची रीत रुजली नाही. आपल्याकडे पक्कं पुस्तकच वृत्तपत्राकडे, मासिकाकडे 'अभिप्रायार्थ' असा शिक्का मारून किंवा तसं लिहून जातं. परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात ही सूचना वाचतच मराठी लेखक मोठे होतात. त्यातल्या कित्येक प्रती पुढे रद्दीवाल्यामार्फत पदपथावर येतात. 'अभिप्रायार्थ'चा शिक्का म्हणजे प्रत पहिल्या दिवसांतली असल्याची खूण, म्हणून ती खरवडून काढू नये. पण एवढ्यानेच किंमत वाढते असंही नाही.

खरं घबाड वेगळंच असतं. जुन्या छापखान्याच्या किंवा प्रकाशकाच्या कागदपत्रांत लेखकाने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली मुद्रितं मिळू शकतात. समासात लेखकाचं अक्षर, खोडलेली ओळ, कंपोझिटरला दिलेली चिडकी सूचना. हे छापलेलं पुस्तक आणि हस्तलिखित या दोन्हींच्या मधलं काहीतरी असतं, आणि ते एकमेव असतं. घरातल्या जुन्या ट्रंकेत असं काही निघालं तर ते आधी सुटं करू नका, क्रम बिघडवू नका. कायद्याचीही एक बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तू आणि कला-संपदा कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेलं हस्तलिखित अथवा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल तर तो पुरावस्तू ठरतो आणि खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी ग्राहकाची ईमेल आली म्हणून घाईघाईने कुरिअर करायच्या आधी हे ठाऊक असलेलं बरं.

सही कशी, कुठे, कुणासाठी

नुसती सही म्हणजे शीर्षकपानावर लेखकाचं नाव, बाकी काही नाही. आधुनिक बाजारात हीच सगळ्यात सहज विकली जाते, कारण पुढच्या मालकाला ती आपली वाटू शकते. त्याखाली तारीख आणि ठिकाण असेल तर आणखी बरं, आणि ती तारीख प्रकाशनाच्या जवळची असेल तर उत्तमच. सोबत पुस्तकातली एखादी ओळ लिहिलेली असेल किंवा छोटं रेखाचित्र काढलेलं असेल तर किंमत त्या मानाने चढते.

'चि. अमुक यास, वाढदिवसानिमित्त' असं लिहून केलेली सही मात्र भाव कमी करते, कारण तो अमुक कोण हे कुणालाच माहीत नसतं. पण हाच अमुक माहीतला निघाला की हिशेब उलटतो. अशा प्रतीला संग्राहक 'असोसिएशन कॉपी' म्हणतात, आणि या छंदाचा तो गाभाच आहे. अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डने आपल्या 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीची प्रत कवी टी. एस. एलियटला लिहून दिली होती. त्या चार ओळींत विसाव्या शतकातल्या दोन साहित्यिकांचं नातं नोंदलं गेलं आहे. मराठीत कल्पना करून पाहा: १९६३ साली देशमुख आणि कंपनीने काढलेली 'कोसला'ची पहिली आवृत्ती, आणि आत नेमाड्यांनी प्रकाशक रा. ज. देशमुखांना लिहिलेल्या दोन ओळी. अशी प्रत कुठे आहे असा माझा दावा नाही. पण ती मिळाली, तर नुसत्या सहीच्या शंभर प्रती तिच्यापुढे फिक्या पडतील. आपल्या पदपथांवर 'सप्रेम भेट' लिहिलेली पुस्तकं ढिगाने मिळतात. दुकानदार त्या पानाकडे डाग म्हणून बघतो. कुणी कुणाला दिलं हे वाचण्याची सवय असलेला माणूस मात्र तिथेच थबकतो.

तिसरा प्रकार सध्या सगळ्यात जास्त दिसतो: सुट्या कागदावर आधीच केलेली सही. प्रकाशक लेखकाकडे कोऱ्या पानांचे गठ्ठे पाठवतात, लेखक घरी बसून हजारो सह्या करतो आणि ती पानं बांधणीत घातली जातात. सही खरीच असते. पण त्या हाताने ते पुस्तक कधी उघडलेलं नसतं, आणि अशा प्रती हजारोंनी असतात. सही केलेली चिठ्ठी पुस्तकात चिकटवणं हा त्याचा आणखी एक धाकटा प्रकार. चिठ्ठी आज या पुस्तकात, उद्या त्या पुस्तकात, म्हणून तिला सगळ्यात कमी मान.

मर्यादित, क्रमांकित, सही केलेली आवृत्ती काढण्याची कल्पना जुनी आहे. २ फेब्रुवारी १९२२ ला पॅरिसमध्ये पुस्तकविक्रेती सिल्व्हिया बीच हिने जेम्स जॉइसची कादंबरी 'युलिसिस' काढली ती एकूण हजार प्रतींची. पहिल्या १०० डच हातकागदावर, जॉइसच्या सहीसह, ३५० फ्रँकला. पुढच्या १५० दुसऱ्या चांगल्या कागदावर, २५० फ्रँकला. उरलेल्या ७५० साध्या कागदावर, १५० फ्रँकला. छोट्या दुकानाला छपाईचा खर्च उभा करायचा होता आणि श्रीमंत ग्राहकाने जास्त द्यावे अशी ती योजना होती. गांधीजींनीही सहीचा दर लावला होता: हरिजन निधीसाठी पाच रुपये.

मग कुणाची सही महाग? सरळ उत्तर: जो कमी सह्या करतो त्याची. ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी १९७५ साली आपल्या नौकानयनाच्या छंदावर पुस्तक लिहिलं आणि ते देशभर फिरून इतक्या प्रतींवर सह्या करत सुटले की जुनी पुस्तकं विकणारे आजही थट्टेने म्हणतात, त्या पुस्तकाची सही नसलेली प्रतच दुर्मीळ आहे. दुसऱ्या टोकाला अमेरिकन कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी. 'द रोड' या कादंबरीच्या त्यांनी फक्त अडीचशे प्रतींवर सह्या केल्या आणि त्या सगळ्या आपल्या मुलासाठी राखून ठेवल्या, मोठा झाल्यावर त्याला हवं तर विकता याव्यात म्हणून. बाजार कसा चालतो हे त्या लेखकाला पुरतं कळलं होतं.

काही वेळा काळच हात आखडता घेतो. अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथची एकमेव कादंबरी 'द बेल जार' जानेवारी १९६३ मध्ये टोपणनावाने आली आणि ११ फेब्रुवारीला प्लाथ गेली. त्या कादंबरीवर तिचा हात लागण्याला जेमतेम महिनाभराची मुदत होती. आपल्या अरुण कोलटकरांचं उदाहरण याच जातीचं. 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्प सत्र' ही दोन्ही पुस्तकं २००४ साली आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलटकर गेले. या दोन पुस्तकांवर त्यांची सही असेल तर ती त्या थोड्या काळातलीच असणार. उलट 'जेजुरी' १९७६ ची, कोलटकर, आदिल जसावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनीच मुंबईत उभ्या केलेल्या क्लिअरिंग हाऊसने काढलेली. तिच्यावर सही व्हायला अठ्ठावीस वर्षं होती. म्हणून 'जेजुरी'च्या पहिल्या आवृत्तीवर सत्तरच्या दशकातली तारीख असणं आणि नुसती बिनतारखेची सही असणं, यांत फरक आहे.

सहीच्या आधी आवृत्ती बघायची

सामान्य सोळाव्या पुनर्मुद्रणावर सही असेल तर ती आठवण म्हणून जपावी, तिच्या पैशांचा हिशेब मांडू नये. किंमत ठरते ती प्रामुख्याने पहिल्या आवृत्तीच्या पहिल्या छपाईवर. इंग्रजी पुस्तकांत श्रेयपानावर '१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १' अशी आकड्यांची ओळ दिसते. प्रत्येक नव्या छपाईला सगळ्यात लहान आकडा काढला जातो. ओळीत १ असेल तर बहुतेक वेळा पहिली छपाई. ही प्रथा सगळ्या प्रकाशकांची सारखी नाही, म्हणून त्या-त्या प्रकाशकाची रीत आधी बघावी लागते. मराठीत घोळ निराळा आहे. मजकुरात काहीही बदल न करता पुन्हा छापलं तरी 'दुसरी आवृत्ती' लिहितात, आणि काही वेळा नव्या प्रकाशकाकडे गेलेल्या पुस्तकावर त्या प्रकाशकाची 'पहिली आवृत्ती' असं छापलेलं असतं. मूळ पहिली आवृत्ती शोधताना सालासोबत प्रकाशक आणि मुद्रक ही दोन्ही नावं बघितल्याशिवाय हातचे पैसे सोडू नयेत.

कोणती आवृत्ती खरी पहिली, हाही वादाचा विषय होतो. रवींद्रनाथांची इंग्रजी 'गीतांजली' म्हटल्यावर बहुतेकांना १९१३ ची मॅकमिलनची आवृत्ती आठवते. तिच्याआधी १९१२ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ७५० प्रती काढल्या होत्या आणि त्यातल्या फक्त २५० विक्रीला होत्या. नोबेल मिळालं ते १९१३ च्या अखेरीस, त्यानंतर मॅकमिलनच्या प्रती भराभर निघाल्या. जुनी 'गीतांजली' मिळाली म्हणून हरखून जाण्याआधी ती कुठली हे बघायला हवं ते यासाठी.

जॅकेटचं तर विचारूच नका. पूर्वी पुठ्ठा बांधणीवरचं कागदी वेष्टण दुकानातून घरी येईपर्यंतच्या संरक्षणासाठी असे, लोक ते काढून टाकत. 'द ग्रेट गॅट्सबी'च्या १९२५ च्या पहिल्या आवृत्तीचं जॅकेट नसेल तर किंमत काही हजार डॉलर. तेच जॅकेट चांगल्या स्थितीत असेल तर आकडा लाखांत जातो. त्या जॅकेटच्या मागच्या मजकुरात गॅट्सबीच्या पहिल्या नावाचं आद्याक्षर चुकून लहान लिपीत पडलं होतं आणि ते हाताने दुरुस्त केलेलं असतं. अशा खुणांना 'पॉइंट' म्हणतात. घराचा निम्म्याहून जास्त भाव त्याच्या रंगकामावर ठरावा तसा हा प्रकार, पण बाजार आहे असा. म्हणून मराठी पुस्तकाचं जॅकेट फाटकं असलं तरी फेकू नका आणि त्याच्या आतल्या कोपऱ्यातली छापील किंमत कापू नका. भेट देताना किंमत कापायची आपली सभ्य सवय संग्राहकाच्या दृष्टीने पुस्तकाचं नुकसान करते.

मागणी हा घटक सगळ्यात लहरी. एप्रिल २०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ नावाच्या अनोळखी लेखकाची रहस्यकथा 'द ककूज कॉलिंग' ब्रिटनमध्ये आली. पुठ्ठा बांधणीच्या पहिल्या छपाईच्या प्रती १५०० च्या आसपास, त्यातल्या काहींवर 'रॉबर्ट गॅलब्रेथ' अशी सही. जुलैमध्ये उघड झालं की हे जे. के. रोलिंग यांचं टोपणनाव. एका दिवसात त्या प्रतींचे भाव हजारांच्या भाषेत बोलले जाऊ लागले. कागद तोच, शाई तीच. बदललं ते एवढंच की त्या सहीमागे कोण आहे हे लोकांना कळलं.

खोट्या सह्या आणि यंत्राच्या सह्या

जी गोष्ट पाच सेकंदांत पुस्तकाची किंमत वाढवते तिची नक्कल होणारच. नवशिक्यांना खोटी सही ओळखणं कठीण वाटतं. निम्मी ओळख तर सही न बघताच होते. भाव अशक्य कमी आहे का? विक्रेत्याकडे एकाच लेखकाच्या सही केलेल्या दहा प्रती पडून आहेत का? सहीची तारीख लेखकाच्या मृत्यूनंतरची तर नाही ना? असं घडतं. 'प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र' या कागदाला तर मी शून्य गुण देतो, कारण सही खोटी करणाऱ्याला प्रमाणपत्र छापायला आणखी पाच मिनिटं लागतात. रोलिंग यांच्या नावाने बनावट सह्यांचा इतका सुळसुळाट झाला की पुढे त्यांनी सही केलेल्या काही प्रतींवर होलोग्राम चिकटवला गेला.

भिंगातून बघताना दोन गोष्टी पाहायच्या. खरी सही वेगात होते, पेनचा जोर कमी-जास्त होतो, शेवट निसटता असतो. नक्कल करणारा अक्षर 'काढतो', म्हणून रेषा संथ, थरथरती, आणि मधेच पेन उचलल्याच्या खुणा. यंत्राने केलेली सही याच्या उलट फसवते. तिथे रेषा ठाम असते, पण जोर सगळीकडे सारखा. सुरुवातीला आणि शेवटी शाईचा ठिपका राहतो, आणि दोन प्रतींवरच्या सह्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत जुळतात. कोणताही माणूस दोनदा हुबेहूब तशीच सही करू शकत नाही.

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या पुस्तकाचं प्रकरण यातूनच फुटलं. २०२२ मध्ये सायमन अँड शूस्टर या प्रकाशनाने 'हाताने सही केलेल्या' नऊशे प्रती सुमारे सहाशे डॉलरला एक अशा विकल्या. ग्राहकांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांना दाखवले आणि त्यांच्या लक्षात आलं की सह्या ठरावीक साच्यांत बसतात. प्रकाशकाने पैसे परत केले. डिलन यांनी जाहीर माफी मागितली: तब्येतीमुळे आणि साथीच्या काळातल्या अडचणींमुळे यंत्राचा वापर केला, असं त्यांनी सांगितलं. इथे सोबतचं पत्र खुद्द प्रकाशकाचं होतं, हे विसरू नये. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवूड यांनी दूरदेशी बसलेल्या वाचकाला पडद्यावर भेटून यंत्राच्या हाताने सही देण्याची 'लाँगपेन' नावाची युक्ती २००६ मध्ये मांडली होती, पण ती उघड होती, आणि लेखिका त्या क्षणी दुसऱ्या टोकाला खरंच लिहीत होती. संग्राहकांमध्ये तिच्यावरही मतभेद आहेत.

खात्रीचा पुरावा एकच: सही कुठे, कधी, कोणाच्या समोर झाली याची साखळी. ९७ वं साहित्य संमेलन फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला झालं. तिथल्या ग्रंथदालनात एखाद्या लेखकाने तुमच्या प्रतीवर 'अमळनेर' आणि तारीख घालून सही केली, आणि सही करतानाचा फोटो तुमच्याकडे आहे, पुस्तक घेतल्याची पावती त्याच पानांत आहे. पन्नास वर्षांनी या तीन गोष्टी एकत्र असलेली प्रत कुठल्याही तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राहून वजनदार असेल. सही मागताना बॉलपेन देऊ नका, कागदावर खोल घळ पडते. जाड मार्कर तर नकोच, पलीकडच्या पानावर उतरतो. टिकाऊ शाईचं साधं पेन द्या आणि शीर्षकपान उघडून धरा.

आपल्या कपाटातलं पुस्तक

किंमत बघायची तर इंटरनेटवर मागितलेले भाव बघू नका. मागायला कोणी लाखही मागेल. लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा, आणि त्यात लिलावसंस्थेचं कमिशन धरलंय का तेही. विक्रेत्याला विकायला गेलात तर तो विक्रीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत देऊ करेल. ती लूट नाही. त्याला दुकान चालवायचं असतं आणि प्रत विकली जाईपर्यंत कदाचित वर्षं थांबायचं असतं. त्याच्या वर्णनाची भाषा मात्र शिकून घ्या: इंग्रजी यादीत प्रत 'गुड' आहे असं लिहिलेलं असेल तर ती बऱ्यापैकी खराब आहे असं समजायचं. चांगली प्रत 'फाइन' किंवा निदान 'व्हेरी गुड' असते.

मराठी पहिल्या आवृत्त्यांचा नियमित बाजार उभा राहिलेला नाही. मुंबईत फोर्टच्या पदपथावर, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, किंवा जुन्या पुस्तकांच्या ओळखीच्या दुकानात भाव ठरतो तो विकणारा आणि घेणारा यांच्या बोलाचालीत. याचा तोटा असा की तुमच्या प्रतीला 'बाजारभाव' नावाचं काही नाही. फायदा असा की अजूनही साठ रुपयांत अशी प्रत हाती लागू शकते जिच्या पहिल्या पानावर एका कवीने दुसऱ्या कवीला लिहिलेलं आहे.

ती हाती लागली, तर पुढचं काम आपल्या हवेशी झुंजायचं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतला दमटपणा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते, कणा सैल होतो. कसर जॅकेटवरची खळ खाते, वाळवी सगळंच खाते. बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट ठेवू नका, पुस्तकं दाबून कोंबू नका, मागे हवा खेळू द्या. जॅकेटवर पारदर्शक पॉलिएस्टरचं आवरण घाला. साधी प्लॅस्टिकची पिशवी नको, ती घाम धरते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं म्हणजे पुस्तकाची किंमत आपल्या हाताने खाली आणणं. टेप काही वर्षांत तपकिरी होते, तिचा डिंक कागदात उतरतो आणि मग निघत नाही. आणि सहीच्या पानावर आपलं नाव, ग्रंथसंग्रह क्रमांक, किंवा घरच्या ग्रंथालयाचा तो आवडता गोल शिक्का मारायचा मोह झालाच, तर शिक्का नकोच; नाव किंवा क्रमांक सगळ्यात शेवटच्या कोऱ्या पानावर लिहा, तोही पेन्सिलीने.